कान आणि काना

भाचीच्या बारशाला मी तिच्या कानात भलतंच नाव सांगितलं होतं. २०१६ची गोष्ट. यवतमाळात भावाच्या घरी पाळणा सजलेला, घुगऱ्यांचा वास पार दारापर्यंत आलेला, आणि आत्या म्हणून मान माझा. मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं आणि हळूच ‘मुक्ता’ म्हणाले. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. भावजयीने झेंडूच्या माळेआड झाकून ठेवलेली पाटी पुढे केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर दुसरंच नाव होतं.

ते खरं नाव इथे देत नाही. पोरगी चौथीत आहे. आपलं नाव कुठे छापायचं आणि कुठे नाही, हे तिचं ती मोठी झाली की ठरवेल. सोयीसाठी ‘शौर्या’ म्हणू. त्याच जातकुळीतलं आहे. मुलाचं नाव, शेवटी एक काना, आणि इंग्रजीत लिहिताना शेवटी एका ‘ए’च्या जागी दोन. दुसरा ‘ए’ कशाला, तर शौर्य आणि शौर्या इंग्रजीत अक्षर न अक्षर सारखेच दिसतात. जन्मदाखला वाचणाऱ्याला मुलगा वाटू नये म्हणून ते शेपूट.

मला ते नाव सहन होत नव्हतं. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझा राग व्याकरणाच्या अंगाने बाहेर पडायचा. भावाला म्हटलं, मुलीला शूर म्हणायचं तर आपल्याकडे शब्द कमी पडले का? मुलांच्या कपाटातून उसनं आणून, बाह्या दुमडून तिच्या अंगावर का चढवतोस? तो म्हणाला, ‘‘काहून ताई, तुले काय झालं त्यात?’’ मला काय झालं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. वेगळंच सांगितलं.

मी त्याला साताऱ्याचं उदाहरण दिलं. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावं मिळाली होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली भरल्या. २००१मध्ये त्या ९१३ होत्या. माझ्या मनात हिशोब पक्का बसलेला होता. नकुसा हा उघड नकार, आणि शौर्या म्हणजे इंग्रजी शाळेत गेलेला नकार. मुलगाच हवा होता, झाली मुलगी, तर निदान नाव तरी वाया जाऊ नये. हे वाक्य मी स्टाफरूममध्येही टाळ्या घेण्यासाठी वापरलेलं आहे.

खरं कारण माझ्या स्वतःच्या नावात होतं. माझ्याही नावाच्या शेवटी असाच काना आहे. विजया. लहानपणी घरात सांगायचे, दसऱ्याला झालीस म्हणून विजया. पुढे शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली तेव्हा कळलं, मी दसरा उलटून नऊ दिवसांनी जन्मले होते. मोठ्या मायला विचारलं. ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘तुह्या बापानं ईजयच धरलं होतं मनात. तिसरीबी पोरगीच झाली, तं म्हने, लावा एक काना.’’ पाच-सहा वर्षांनी भाऊ झाला तेव्हा त्याला दुसरं नाव शोधावं लागलं, कारण विजय माझ्यावर खर्ची पडला होता.

हे ऐकलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेव्हापासून तो काना मला ठिगळासारखा वाटायचा. पुढे विजया हे भांगेचंही संस्कृत नाव आहे असं कळलं तेव्हा खरं तर बरं वाटलं. निदान एक अर्थ तरी वडिलांच्या इच्छेबाहेरचा निघाला.

कानात भलतं नाव सांगणं ही तशी गुपचूप खोडी; तिने कोणाचं काही बिघडलं नाही. दुसरी गोष्ट तशी नाही.

२०१२मध्ये मी आर्णी तालुक्यातल्या एका शाळेत होते. जूनमध्ये तांड्यावरचा एक मजूर मुलीला पहिलीत घालायला आला. नाव त्याने रुद्रा असं काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, ‘‘रुद्र हे मुलाचं नाव. मुलगी असेल तर रुद्राणी.’’ त्याने मान हलवली. मी दाखल-खारीज रजिस्टरात माझ्या वळणदार अक्षरात रुद्राणी लिहिलं. एका मुलीचं व्याकरण सुधारलं, या समाधानात मी तो दिवस काढला.

नववीत तिचे कागद गोळा करायची वेळ आली तेव्हा आधार कार्डावर रुद्रा आणि शाळेच्या रजिस्टरात रुद्राणी. रजिस्टरातलं नाव शिक्षकाच्या मनाला आलं म्हणून खोडता येत नाही. ते लिहिताना मला मात्र कोणी अडवलं नव्हतं. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी. बापाने यवतमाळला चार खेपा घातल्या, म्हणजे एसटीचं भाडं आणि चार दिवसांची मजुरी. मी तोवर बदलून दुसरीकडे गेले होते. कोणाकडून तरी माझा नंबर घेऊन त्याने फोन केला. तक्रारीसाठी नव्हे, कुठल्या कागदावर कोणाची सही लागते ते विचारायला. मी म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, ‘‘नाई मॅडम, तुम्ही लिवलं म्हणजे काई तरी चांगलंच असन.’’

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरीही माझं मत त्या दिवशी बदललं नाही. मी फक्त इतकंच ठरवलं, की रजिस्टरात बाप सांगेल ते लिहायचं. मत बदललं ते मतदार यादीने.

शिक्षकाला शिकवण्याशिवाय काय काय करावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे एका भागाची मतदार यादी आली होती आणि घरोघर जाऊन नावं ताडायची होती. वाटेत कडुलिंबाखाली बसून मी पानं चाळत होते. एका किरणबाईंच्या पुढे लिंगाच्या रकान्यात ‘पु’ छापलेलं. ‘तो किरण’ पुल्लिंगी शब्द, म्हणून झालं असेल, असं मनात आलं आणि मी हसले. खाली गेले तर हिंमतराव. आणि तिथे अडकले.

हिंमत. ती हिंमत. माझी हिंमत झाली नाही असं आपण म्हणतो, माझा हिंमत झाला नाही असं कोणी म्हणत नाही. शब्द स्त्रीलिंगी, आणि आमच्या वऱ्हाडात गावोगाव हिंमतराव बसलेले आहेत, मिशांसकट. त्याच यादीत दौलतराव होते; दौलतही ‘ती’च. एकाही हिंमतरावाला कोणी विचारलं नसेल, बायकांच्या कपाटातलं का घातलंत म्हणून. नुसतं ‘राव’ लावलं की झालं. मग मुलीने काना लावला तर ते ठिगळ कसं?

घरी येऊन शौर्य शब्दच बघितला. ज्या नावावरून मी भावाशी भांडले ते मुलाचं मुळात होतंच कुठे? ते शौर्य. नपुंसकलिंगी. वीस वर्षं ‘लिंग ओळखा’ शिकवणाऱ्या बाईला हे सुचलं नाही, कारण बालवाडीच्या हजेरीत शौर्य नावाची पोरं बसायला लागली होती आणि मी शब्दकोशाऐवजी हजेरीवरून लिंग ठरवलं. माझ्या आईच्या पिढीत घरोघरी कमल, कुसुम, सुमन होत्या. ते शब्दही नपुंसकलिंगीच, आणि त्यांना कानासुद्धा लागला नाही.

मग जुनी माणसं आठवू लागली. यादीत नथ्थू होते, उकंडराव होते. लागोपाठ मुलं दगावली की पुढच्या मुलाचं नाक टोचायचे, त्यात नथ घालायचे, मुलगीच आहे असं नशिबाला भासवायचे; तो नथ्थू. नाहीतर उकिरड्यावर टाकल्यासारखं करून परत उचलायचे, तो उकंडा. म्हणजे मुलाला जगवायचं तेव्हा त्याला मुलगी करण्यात आमच्या आज्यांना कमीपणा वाटला नव्हता. सरहद्द आधीपासूनच ओलांडली जात होती, दोन्ही बाजूंनी. मी एकाच नाक्यावर शिट्टी घेऊन उभी होते.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून वादळ उठलं होतं, आणि उद्घाटन शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या वैशाली येडे यांनी केलं. मी मंडपात होते. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे. तीन दिवस ते नाव मी ऐकत होते, आणि अरुण हा सूर्याचा सारथी, त्याला लागलेला हा काना, असा विचार एकदाही मनात आला नाही. यादी चाळल्यावर आला. मुलगा हवा होता म्हणून अरुणा ठेवलं असेल, असं त्यांच्याबद्दल म्हणायची कोणाची छाती आहे? पाणिनीने या ‘आ’ला टाप् असं नाव देऊन ठेवलंय. अडीच हजार वर्षं जुन्या प्रत्ययावर मी माझ्या वडिलांचा राग काढत होते.

राहिलं स्पेलिंग. दोन ‘ए’ची मी फार थट्टा केली आहे. पण आमच्या जिल्ह्याचं तरी काय? इंग्रजांनी आधी याला वणीवरून ‘वून’ जिल्हा म्हटलं, १९०५मध्ये यवतमाळचं नाव दिलं, आणि तेही असं लिहिलं की वाचणाऱ्याने ‘येओतमाळ’ म्हणावं. वडिलांच्या जुन्या कागदांवर तेच स्पेलिंग आहे. पुढे ते बदललं, आणि जिल्हा जागचा हलला नाही. भावजयीने एक ‘ए’ वाढवला तर मी केवढं आकांडतांडव केलं होतं.

मात्र एक गोष्ट आई-बापांना बजावते, कारण रुद्राच्या बापाच्या चार खेपा अजून डोक्यात आहेत. काय हवं ते नाव ठेवा, पण जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग तेच आधारवर, तेच शाळेत. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. नावाची घाई नसते. नोंद एकवीस दिवसांत करा, नाव वर्षभरात बिनशुल्क टाकता येतं. अंकज्योतिषी जे काही सांगणार असेल ते त्याच वर्षात विचारून घ्या, नंतर नको.

आणि एक वाक्य मला अजूनही सहन होत नाही. ‘‘ही आमची मुलगी नाही, मुलगाच आहे.’’ पालकसभेत हे कौतुकाने म्हणतात, मुलगी शेजारीच उभी असते. पूर्वी मी हे वाक्य आणि असली नावं एकाच पोत्यात घालत होते. आता नावं बाहेर काढली आहेत. ते वाक्य अजून पोत्यातच आहे, आणि माझ्या वडिलांचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. ते गेले. विजय त्यांना हवा होता हेही खरं, आणि यवतमाळला मला डी.एड.ला घालायला त्यांनी कापूस भाव येण्याआधी विकला हेही खरं.

मागच्या दिवाळीत शौर्या माझ्याकडे राहायला आली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. रात्री अंथरुणात विचारते, ‘‘तू माझ्या कानात कशी म्हणाली होतीस? म्हणून दाखव ना.’’ खोटं बोलायची संधी होती. मी सांगितलं. मुक्ता म्हणाले होते.

ती थोडा वेळ गप्प. मग अंधारात बोटाने हवेत काहीतरी गिरवत म्हणाली, ‘‘त्यालापण शेवटी काना आहे.’’

मुक्त, आणि त्याला काना. हे मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं.

‘‘बाबाले नको सांगू,’’ ती म्हणाली आणि कुशीवर वळली. मी कबूल झाले. आता हे छापून येईल. भावाला वाचनाची आवड नाही, तेवढा भरवसा आहे. भावजयीला आहे.