वाहतूक फुकट, वसुली महाग

संपादकांनी विषय एका ओळीत कळवला: ग्राहकाकडून बिलाचे आणि वर्गणीचे पैसे घेण्याची सर्वांत स्वस्त पद्धत कोणती, ते सोप्या भाषेत आणि आकड्यांचे तक्ते न देता सांगा. तक्ता देणार नाही. पण हा प्रश्नच मला मान्य नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. सांगली-साताऱ्याच्या व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे हिशेब पाहणाऱ्या माणसाला वर्षभर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘किती टक्के जातात?’ पैसे देण्याची आठवण कोण करणार, दिले नाहीत तर बुडीत कोणाच्या माथी, आणि खात्यात आलेली रक्कम कोणत्या बिलाची हे कोण शोधणार, हे फारसं कोणी विचारत नाही. पैसे वसूल करणं म्हणजे खरं तर चार कामं असतात. रक्कम इकडून तिकडे नेणं, म्हणजे वाहतूक, वेळेवर आठवण, न मिळण्याची जोखीम, म्हणजे हमी, आणि शेवटी खतावणीतली जुळवणी. टक्क्यांची घासाघीस यांतल्या पहिल्या कामावरच चालते. उरलेली तीन कामं कोणीतरी करतच असतं आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी म्हणजे मालक स्वतः असतो, बिनपगारी.

आपल्या भागातल्या जुन्या व्यवस्था पाहिल्या की ही विभागणी स्पष्ट दिसते. सांगलीच्या हळद बाजारातला अडत्या घ्या. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा निघतो, शेतकरी पट्टी घेऊन घरी जातो. खरेदीदार परराज्यातला असू शकतो, त्याचे पैसे मागाहून येतात. मधले दिवस आणि मधला धोका अडत्या अंगावर घेतो. अडतीवर टीका करायला पुष्कळ जागा आहे, आणि ती व्हावीही. पण अडत ही नुसती दलाली नसून तिच्यात हमीचं मोल मिसळलेलं असतं, हे टीकाकार विसरतात. दुसरं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. औंध संस्थानातल्या त्या माळावरून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. अशी मासिकं मोठ्या शहराबाहेरून चालू शकली त्यामागे टपाल खात्याचाही वाटा होता. आपल्याकडे व्ही. पी. १८७७ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ टपालाची मनिऑर्डर. व्ही. पी.ची रचना आजही शिकण्यासारखी आहे. पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय पाकीट हातात देत नाही, म्हणजे मालाची हमी. पाकिटावर नाव असतं, म्हणजे जुळवणी. पण ग्राहकाने नाकारलं तर जाण्या-येण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी. चारही कामं एकाच दराने आणि बिनतक्रार करून देणारी पद्धत तेव्हाही नव्हती. तिसरं उदाहरण गावोगावच्या नगर वाचनालयांचं. वर्गणी वेगळी, अनामत वेगळी. वर्गणी थकली किंवा पुस्तक हरवलं तर अनामत आहेच. हमीची किंमत आधीच घेऊन ठेवण्याची ही युक्ती इतकी साधी आहे की ती आर्थिक व्यवस्था आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

आता यूपीआयकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. यूपीआयची सेवा एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाली आणि जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला बंदी आहे. त्यावरून ‘यूपीआय फुकट’ हे ब्रीद तयार झालं. फुकट आहे ती दुकानदारासाठीची वाहतूक. यंत्रणेचा खर्च बँका सोसतात आणि त्यातला काही भाग सरकार भरून देतं. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन देण्याची सुमारे १,५०० कोटींची योजना केंद्राने मंजूर केली होती. म्हणजे भाडं आहेच, ते करदाता भरतो. त्यातही यूपीआयला जोडलेलं क्रेडिट कार्ड सरसकट या फुकटात बसत नाही, आणि वेबसाइटवर पैसे घेऊन देणारी मधली कंपनी आपली फी लावतेच. उलट बाजूही तपासू. एक लाखाच्या बिलावर समजा पेमेंट गेटवेने दोन टक्के घेतले. २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३६० रुपये जीएसटी. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हे ३६० एरवी परत वळते करता येतात. कॅश क्रेडिटचा व्याजदर १२ टक्के धरला तर एक लाख अडकल्याचं व्याज महिन्याला १,०००. म्हणजे ज्या दोन टक्क्यांवरून आपण तासभर भांडतो ती रक्कम दोन महिन्यांच्या उशिराएवढी आहे, आणि आपल्याकडच्या उधारीत दोन महिने हा उशीर समजलाच जात नाही. गेटवे घ्या असं मी म्हणत नाही. ज्याला द्यायचेच नाहीत त्याच्याकडून गेटवेही पैसे आणत नाही. उशिराचीही टक्केवारी असते आणि तीही वहीत मांडावी, एवढंच म्हणणं आहे.

याच यूपीआयबद्दल दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत काहींनी क्यूआर कोड काढून टाकले, आणि ‘यूपीआय घेतलं की नोटीस येते’ ही समजूत सीमा ओलांडून आपल्याकडेही आली. कर यूपीआयवर नाही, उलाढालीवर आहे. नोंदणीची मर्यादा फक्त मालाची विक्री असेल तर ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख. पैसे रोख आले की मोबाइलवर, कायद्याला फरक पडत नाही. घोळ होतो तो घरचं बचत खातं आणि धंद्याचं खातं एकच ठेवल्याने. मेहुण्याने परत केलेले हातउसने आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच रांगेत उभे राहिले की खुलासा करणं जिकिरीचं होतं. हा जुळवणीचा दोष, क्यूआरचा नव्हे. चालू खातं वेगळं काढणं हा त्याचा कंटाळवाणा पण पुरेसा उपाय आहे.

वर्गणीच्या बाबतीत सगळ्यात महाग काम आठवणीचं. दुधाचा रतीब, केबल, व्यायामशाळा, मासिक यांची रक्कम छोटी, माणसं भली, फक्त विसरतात. दर महिन्याला क्यूआर पाठवून ‘कृपया भरावे’ म्हणणं म्हणजे तगाद्याचं काम मोबाइलवर नेणं. इथे जुलै २०२० पासून उपलब्ध असलेलं यूपीआय ऑटोपे किंवा बँकेचं नॅच मँडेट योग्य ठरतं. ग्राहक एकदा संमती देतो, पुढे रक्कम आपोआप वळती होते. यावर ठरलेला आक्षेप असतो की आमचं गिऱ्हाईक खात्याची किल्ली देणार नाही. ही किल्ली नव्हे, चौकट घातलेली परवानगी आहे. कमाल रक्कम, मुदत आणि वारंवारता ठरलेली असते. यूपीआय आणि कार्डावरच्या मँडेटमध्ये रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपयांची असते आणि ग्राहकाला परवानगी रद्द करता येते. रतीबासारख्या कमी-जास्त होणाऱ्या बिलातही अडचण नाही. कमाल रक्कम आधी ठरवायची आणि खाडे वजा करून जेवढं बिल होईल तेवढंच वळतं करायचं. आक्षेपातला खरा भाग मात्र मान्य केला पाहिजे. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पायऱ्या, अशी चलाखी अनेक कंपन्या करत आल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या प्रकारांत बसवलं ते उगाच नाही. सोडून जायची वाट मोकळी ठेवणाऱ्यालाच असं मँडेट मागायचा अधिकार आहे.

मोठ्या बिलांचं गणित वेगळं आहे. पाचगणीच्या निवासी शाळेची फी आणि कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या जॉबवर्कचं बिल, दोन्ही रकमा मोठ्या. पण दुखणी निराळी. शाळेला पैसे मिळतात, कळत नाही ते कोणत्या मुलाचे. कुठल्याशा शहरातून काकांच्या खात्यावरून एनईएफटी येते आणि दिवाणजी दिवसभर फोन करत बसतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे बँकेकडून वेगळा आभासी खातेक्रमांक घेतला की प्रश्न मिटतो. जॉबवर्कवाल्याला मात्र कोण पैसे देणार हे पक्कं ठाऊक असतं, कधी देणार ते ठाऊक नसतं. त्याच्यासाठी कायदा उभा आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच. त्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारांना ‘उद्यम नोंदणी रद्द करा’ असं सुचवल्याच्या बातम्या आल्या. संरक्षणाचं कागदपत्रच गैरसोयीचं ठरावं, यातून दोघांमधलं बळाचं प्रमाण कळतं. इथे माझाही अभिमान गळतो. आमच्या हिशेबाच्या शास्त्राला छोट्या रकमेची विस्मृती दूर करता येते, मोठ्या खरेदीदाराची अनिच्छा नाही. चेक न वटल्यास शिक्षा देणारं कलम १३८ आहे. खात्यात पैसे नसल्याने नॅच परत गेलं तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तशाच शिक्षेची तरतूद आहे, हे बहुतेकांना माहीतही नसतं. पण ज्या एका गिऱ्हाइकावर निम्मा कारखाना चालतो त्याला नोटीस पाठवायला छाती लागते, आणि ती कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

‘आमच्याकडे व्यवहार शब्दावर चालतो’, हा शेवटचा आणि सर्वांत सन्माननीय आक्षेप. त्याची थट्टा करायची नाही. पण शब्दावर चालणाऱ्या व्यापारातही वही होतीच, अडत्या होता, पुढच्या तारखेचा चेक होता. शब्दाला आठवण आणि हमीची जोड देण्यासाठीच ती सगळी खटपट होती. म्हणून माझा निवाडा असा: रक्कम छोटी आणि दरमहाची असेल तर मँडेट घ्या, रक्कम मोठी आणि माणूस भला असेल तर एनईएफटी आणि आभासी खातं पुरे, माणूस अनोळखी असेल तर आगाऊ किंवा अनामत, आणि माणूस मोठा व टाळणारा असेल तर लेखी करार, उद्यम नोंदणी आणि त्याच्यावरचं अवलंबित्व दरवर्षी थोडं कमी करणं, याला पर्याय नाही. दर हा प्रश्न या सगळ्यानंतरचा. लक्ष्मीपूजनाला वही मांडण्याआधी एवढं करा: येणं कोणाकडे किती हे लिहिताना शेजारी ‘किती दिवसांचं’ हाही रकाना आखा. आणि नव्या बिलबुकावर बिलाच्या तारखेखाली पैसे देण्याची शेवटची तारीख छापून घ्या. ती तारीख बिलावर नसेल तर कोणत्याही पद्धतीने वसुली करा, उशीर झाला हे सिद्ध करण्यातच पहिले दोन महिने जातात.