सेव्ह केलंस का?

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलमध्ये ‘जेवलीस का?’ असं कोणी विचारत नाही. ‘सेव्ह केलंस का?’ हीच चौकशी. मग कोणाच्या तरी रूममधून किंकाळी येते आणि सगळ्यांना कळतं, गेली बिचारीची फाईल!

मी कॉन्व्हेंटवाली. स्क्रीनवर ‘परमिशन’ नाही असा मेसेज आला की मी तो वाचून पुढे जायचे. त्याचा मराठी अर्थ मला समजावला तो तानसाकडच्या एका आजोबांनी.

माझ्या मामाचं शहापूरला टायपिंग-झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे. सुट्टीत मी तिथे बसते. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या पाड्यांवरचं. हे आजोबा तानसा तलावापलीकडच्या पाड्यावरून आले होते. तानसाचं धरण १८९२ सालचं, त्याचं पाणी मुंबई पिते. आजोबांची मात्र जमीन जंगलात, आणि ती कसतो हे सिद्ध करणं त्यांच्या नशिबी. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. दावा नामंजूर झाला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील. आजोबांचे दिवस संपत आले होते आणि अर्ज घेऊन त्याच दिवशी आसनगावहून लोकलने ठाण्याला पोचायचं होतं.

मामाने दोन पानं टाइप केली. चतुःसीमा, साक्षीदार, पिकं, सगळं. फाईल आजोबांच्या नातवाच्या पेनड्राइव्हवर ठेवायची होती. सेव्ह दाबलं, तर मेसेज. परत दाबलं, परत तोच.

‘‘काय म्हणतोय गं?’’ मामाने विचारलं.

‘‘परवानगी नाही म्हणतोय.’’

आजोबा बाकावरून म्हणाले, ‘‘ह्यालाबी परवानगी नाही का?’’

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मामाचा हात माउसवर. वर्ड बंद करून पुन्हा चालू करायचा त्याचा विचार. मी ओरडलेच, ‘‘मामा, खिडकी बंद करू नकोस!’’ कारण सेव्ह झालं नाही म्हणजे मजकूर गेला असं नसतं. तो अजून मेमरीत असतो, पावसाच्या पाण्यासारखा. अडवला तर आपला, नाहीतर वाहून गेला. खिडकी बंद केली की संपलं.

मी काही करायच्या आत आजोबांनीच विचारलं, ‘‘कागद तर निघंल ना?’’

खरंच की! प्रिंट काढायला फाईल सेव्ह असावी लागते कुठे? आम्ही दोघं फाईल वाचवायच्या मागे आणि त्यांना हवा होता कागद. दोन प्रती काढल्या, अंगठे उठवले, आजोबा रिक्षात बसले. मग मी एफ-१२ दाबून तीच फाईल दुसऱ्या नावाने डेस्कटॉपवर ठेवली. मुकाट्याने सेव्ह झाली.

दोष पेनड्राइव्हचा होता. झिजलेले पेनड्राइव्ह कधी कधी वाचू देतात, पण लिहू देत नाहीत. आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्याला वाटतं, सेव्ह म्हणजे जुन्या फाईलवर नवा मजकूर गिरवणं. वर्ड तसं करत नाही. तो आधी त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल पूर्ण लिहितो, मग जुनी काढतो आणि नवीला जुनीचं नाव देतो. मध्येच लाइट गेली तरी एक प्रत शाबूत राहावी म्हणून ही खटपट. पण म्हणूनच डिस्कवर दुसऱ्या प्रतीपुरती जागा लागते आणि त्या फोल्डरमध्ये नवी फाईल बनवायची, जुनी पुसायची परवानगीही लागते. अँटिव्हायरसने तात्पुरती फाईल क्षणभर धरून ठेवली, तरी सेव्ह अडतं. म्हणजे दोष आपल्या मजकुरात नसून बऱ्याचदा फोल्डरमध्ये असतो. जागा बदलून पाहा.

आपल्या मराठी माणसांच्या खास दोन अडचणी मी दुकानात शिकले. पहिली तारीख. मामाची सवय ‘अर्ज १२/७’ असं नाव द्यायची. विंडोजमध्ये ती तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही. ‘१२-७’ लिहा, काम होतं. दुसरी अडचण आपल्या लॅबमधल्या लिनक्सवाल्यांसाठी. तिथे फाईलचं नाव २५५ बाइटपर्यंतच जातं. इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात! ‘शहापूर’ म्हणजे अठरा बाइट. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. अर्जाचा अख्खा विषय नावात कोंबला की गाडी अडलीच.

आणि मराठी मजकूर ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणून ठेवताना युनिकोड निवडायला विसरू नका, नाहीतर परत उघडल्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं! २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडने यूटीएफ-८ हाच नेहमीचा पर्याय केलाय, पण दुकानांत जुनी मशीन्स अजून आहेत. प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं परत येत नाहीत.

दहा-बारा दिवसांनी आजोबा पुन्हा दुकानात आले. चहा घेतला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी काढली. आमच्याच अर्जाची दुसरी प्रत. कोपऱ्यात गोल शिक्का, सही, तारीख. पोच. निकाल लागायचा होता, पण अर्ज मुदतीत दाखल झाला होता हे आता कोणी नाकारू शकणार नव्हतं.

मामाने त्या प्रतीची झेरॉक्स काढली, मी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवली. आजोबांनी मूळ कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि ती बंडीच्या आतल्या खिशात सरकवली. त्या खिशावर दोनदा हात मारून बघितला.

एवढी काळजी घेऊन सेव्ह करताना मी आमच्या बॅचमध्ये कोणाला पाहिलेलं नाही.