कामाची आणेवारी

कामाचा अंदाज कोणत्या मापाने करावा, या वरकरणी निरुपद्रवी प्रश्नात केवढे रण दडलेले असते, याची कल्पना मला जिरा या संगणकप्रणालीच्या प्रशासकाचे काम माझ्याकडे येईपर्यंत नव्हती. हिंजवडीतील आमच्या कंपनीत सर्व टीमांच्या कामाची दप्तरनोंद या प्रणालीत होते. तिच्यात कोणते रकाने कोणाला दिसावेत, दिवसाचे तास किती धरावेत, अंदाज तासांत लिहावा की स्टोरी पॉइंटांत, या सर्वांच्या किल्ल्या प्रशासकाच्या कमरेला असतात, मात्र कोणती किल्ली केव्हा फिरवायची याचा हुकूम वरून येतो. माझ्याकडे आलेला हुकूम एका ओळीचा होता : यापुढे एक पॉइंट म्हणजे आठ तास समजावेत व हे प्रमाण सर्व टीमांना सारखेच लागू करावे.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. पॉइंट हे कामाचे सापेक्ष माप होय. हे काम त्या कामाच्या मानाने किती अवघड, किती अनिश्चित, एवढेच ते सांगते. आणि मोठ्या कामाविषयीचे आपले अज्ञानही मोठे असल्यामुळे त्याचे आकडे 1, 2, 3, 5, 8, 13 असे उत्तरोत्तर अंतर वाढवीत जातात. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 साली सुचवलेल्या व पुढे माइक कोह्न यांच्या 2005 सालच्या पुस्तकाने सर्वत्र रूढ केलेल्या प्लॅनिंग पोकरमध्ये प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर दडवून एकाच वेळी उघड करायचा असतो, तो यासाठी की ज्येष्ठाने तोंड उघडल्यावर कनिष्ठाने मान डोलवू नये. परंतु या मापाचा उगम मला अधिक बोधप्रद वाटतो. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीच्या आरंभकाळी अंदाज आदर्श दिवसांत करीत, म्हणजे कोणी मध्येच हाक मारली नाही तर जेवढे लागतील तेवढ्या दिवसांत. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे तिप्पट दिवस जात. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का, अशी विचारणा होऊ लागली, तेव्हा दिवसाचे नावच टाकून पॉइंट म्हणण्याची तोड निघाली, असे त्या पद्धतीचे एक प्रवर्तक रॉन जेफ्रीझ सांगतात. आणि हे माप बहुधा आपणच शोधले असावे, तसे असल्यास त्याचा खेद वाटतो, असे त्यांनीच 2019 साली लिहिले. ज्या मापाचा जन्म घड्याळाच्या तावडीतून सुटण्यासाठी झाला, त्याला पुन्हा घड्याळाच्या स्वाधीन करा, असा आमचा हुकूम होता.

त्याच सुमारास दुसऱ्या एका विभागाकडून दुसरी तजवीज आली. बैठका व पत्रव्यवहार यांत रोजचे दोन तास जातात, सबब कामाचा दिवस आठ तासांऐवजी सहा तासांचा धरावा, असे त्यांचे म्हणणे होते, व ते वस्तुस्थितीला धरून होते. अडचण एवढीच, की जिरा वेळेचे अंदाज आतल्या आत सेकंदांत साठवते आणि दिवस-आठवडे हा केवळ दाखवण्याचा प्रकार असतो. शिवाय दिवसाच्या तासांची ही मांडणी एकट्यादुकट्या प्रकल्पाला लागू होत नाही, ती साऱ्या दप्तराला लागते. जुने अंदाजही यामुळे वेगळे दिसतील, अशी सूचना मी आधी धाडली होती. ती, सर्व सूचनांप्रमाणे, न वाचता पोचली. बदल लागू झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या कामापुढे काल चार दिवस लिहिलेले होते त्यापुढे पाच दिवस दोन तास दिसू लागले. एकाही माणसाने एकही आकडा बदलला नव्हता, तरी ग्राहकाच्या प्रतिनिधीने रातोरात मुदत का वाढली म्हणून खुलासा मागितला. दोन्ही हुकूम एकत्र वाचल्यास एक पॉइंट म्हणजे आता एक दिवस दोन तास होत होता, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर कोणाला हसू आले नाही.

चाचणी करणाऱ्या टीमने या गोंधळाला कंटाळून सदऱ्याच्या मापांचा, म्हणजे लहान, मध्यम, मोठा यांचा आग्रह धरला. कल्पना सुरेख होती, पण बोर्डाला अंदाजासाठी संख्येचाच रकाना हवा असतो. अक्षरांची बेरीज होत नाही, आणि बेरीज नसेल तर उरलेले काम दाखवणारी बर्नडाउनची रेषा उतरणार कोठून? उलट संख्येचा रकाना दिला, तर तो कोणतीही संख्या निमूटपणे स्वीकारतो. तीन की पाच या वादात तडजोड म्हणून चार लिहिणारे भेटले, आणि साडेसहा लिहिणारे एक गृहस्थही भेटले. त्या अर्ध्या पॉइंटात त्यांना नेमके काय दिसले होते, हे कुतूहल मला अजून आहे.

खरा बिघाड मात्र आठ तासांच्या हुकमानेच झाला. माझे एक काका महसूल खात्यात होते व पिकाच्या आणेवारीविषयी ते फार बोलत. सोळा आणे म्हणजे ठणठणीत पीक, आणि प्रत्यक्ष पीक त्याच्या मानाने किती आणे, एवढाच तो हिशेब. पुढे आण्यांचे पैसे झाले. आधी नजर अंदाजाची पैसेवारी निघते, मग सुधारित आणि शेवटी पीक कापणी प्रयोगांच्या आधाराने अंतिम. काकांच्या काळी ती पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला दुष्काळाच्या सवलती मिळत, वर गेली तर नाही. सवलत अशी आकड्याला जोडली की, काका म्हणत, तो आकडा पिकाविषयी बोलेनासा होतो आणि सवलतीविषयी बोलू लागतो. आमच्याकडेही तेच घडले : पॉइंटांचे तास झाले, तासांवरून टीमांची तुलना झाली, तुलनेवरून वार्षिक मूल्यमापनात शेरे पडू लागले. आणि मग पूर्वी तीनाचे असलेले काम निमूटपणे पाचाचे झाले. वेगाचा तक्ता चढत गेला, माल मात्र पूर्वीच्याच गतीने बाहेर पडत होता. यात लबाडी कोणाचीच नव्हती. माणसे मापाप्रमाणे वागत होती.

मी तक्रार केली नाही, पर्यायी आराखडा सादर केला. प्रत्येक टीमच्या प्रकल्पापुरता संख्येचा वेगळा रकाना, त्याला त्या टीमने दिलेले नाव, आणि त्या टीमच्या बोर्डावर अंदाजासाठी तोच रकाना. सामाईक स्टोरी पॉइंटांचा रकाना पडद्यांवरून उतरवलेला. एका टीमने आपल्या मापाला भार म्हटले, दुसरीने ओझे. एकीने पॉइंट हेच नाव हट्टाने राखले. ग्राहकाला बिल तासांनीच जाते, म्हणून खर्ची पडलेल्या वेळेची नोंद तासांत जशीच्या तशी ठेवली. बिलाचा हिशेब खरा असावा व अंदाजही खरा असावा, पण दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नयेत, एवढेच माझे म्हणणे होते. वरिष्ठांचा आक्षेप असा, की निरनिराळ्या नावांच्या मापांची बेरीज त्यांच्या तक्त्यात होणार नाही. होणार नाहीच, असे मी उत्तर दिले. बऱ्याच घासाघिशीनंतर ही व्यवस्था प्रयोगादाखल मंजूर झाली आणि अद्याप रद्द झालेली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या हाती अशा प्रणालीच्या किल्ल्या असतील, तर एक विनंती आहे : दिवसाचे तास बदलण्याचा हुकूम आला, की तो अमलात आणण्यापूर्वी सर्व चालू अंदाजांची प्रत काढून ठेवा आणि चार दिवसांच्या एखाद्या कामापुढे नंतर काय दिसेल ते कागदावर लिहून वरिष्ठांची त्यावर सही घ्या.