रात्रपाळीला किती पेशंट?

अनुभवी नर्सला आज जायला देश कमी नाहीत. दुबई आहे, सौदी आहे, इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आहे. अमेरिकेची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास होऊन व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं बसलेल्याही ओळखीत आहेत. ड्युटीरूममध्ये डबे उघडले की चर्चा एकाच गोष्टीची: हातात किती पडतात?

निम्मं आयुष्य आयसीयूत गेलेल्या बाईने याच्या जोडीला आणखी एक विचारावं, असं मला वाटतं. माझ्या अनुभवाचं तिथे काय होणार?

इंग्लंडचंच घ्या. सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, इथे बसून देता येते, पण ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, तिकडे जाऊनच. तिची दहा स्टेशनं, म्हणजे दहा टप्पे. व्हेंटिलेटर कोळून प्यायलेल्या सिस्टरने परीक्षकासमोर हात धुऊन दाखवायचे. याचा मला राग नाही. कोणताही देश आपली माणसं परक्याच्या हाती देण्याआधी तो हात तपासणारच. खटकतं ते पुढचं. पास झाल्यावर बहुतेकींची सुरुवात बँड पाच या पगारश्रेणीपासून, म्हणजे नुकतीच पदवी घेतलेल्या तिथल्या मुलीच्या बरोबरीने. साधी सलाइनची सुई लावायलाही पुष्कळ ठिकाणी आधी त्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

जर्मनीचं वारं आपल्याकडे जोरात आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जास्तच. बी-टू पातळीची जर्मन भाषा चाळिशीत शिकणं सोपं नाही, पण जमतं. तिथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं हेही नर्सचंच काम. इथे ते मावशी आणि नातेवाईक करतात, आपण फाइल भरत बसतो. ते काम करण्यात कमीपणा मुळीच नाही, उलट आपला धंदा तिथूनच सुरू झाला. फक्त हे माहीत असून जावं.

आखातात डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा उरकली की काम मार्गी लागतं, पगारावर करही नाही. पण ते कमवायला जाणं झालं, राहायला जाणं नव्हे. घराचं कर्ज डोक्यावर असेल तर मी आजही तिकडेच जा म्हणेन.

माझा स्वतःचा कल ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडे आहे, आणि कारण पगार नाही. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात 2015 पासून कायदाच आहे: मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या साध्या वॉर्डात दिवसा चार पेशंटमागे एक नर्स. कॅलिफोर्नियातही आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. आपल्याकडे नियम कागदावर असतात आणि नाइटला कोणी दांडी मारली की तिचे पेशंट गुपचूप आपल्या नावावर चढतात. अनुभव वापरायचा तर पेशंटजवळ उभं राहायला वेळ हवा. बँड पाच की सहा, हा त्यानंतरचा प्रश्न.

तेव्हा एजंटने पगाराचा आकडा सांगितला की लगेच पासपोर्ट काढू नका. आधी विचारा: त्या वॉर्डात रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर तिथे जाऊ नका.