संकष्टीचा ताम्रपट

मुलगा नोकरीनिमित्त मनिलाला असतो. यंदा दोन महिने त्याच्याकडे राहून आले. परतल्यापासून शेजारणी विचारताहेत, "काय काय पाहिलंत?" मी सांगते, एक भलंमोठं चित्र आणि एक छोटासा पत्रा. त्या हसतात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

चित्र तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. दारातून आत गेलं की समोरच. हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराचं 'स्पोलियारियम'. चार मीटरहून उंच आणि साडेसात मीटरहून रुंद. रोमन आखाड्यात मेलेल्या योद्ध्यांना फरफटत नेताहेत, एवढाच प्रसंग. १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. तेव्हा फिलिपाइन्सवर स्पेनचं राज्य होतं, त्यामुळे फरफटत जाणाऱ्या त्या देहांत तिथल्या लोकांना आपलाच देश दिसला. आमच्या पुढे शाळेची एक सहल होती. इतकी मुलं, पण एकदम गप्प! माझ्यातल्या मास्तरणीला कौतुक वाटलं.

तिथून जवळच मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. ही इमारत पूर्वी सरकारच्या अर्थखात्याची होती. तिकीट नाही. तिथल्या एका काचेच्या पेटीत तो पत्रा आहे. तांब्याचा, काळपट, वहीच्या उघड्या पानाएवढा, त्यावर कोरलेल्या दहा ओळी. १९८९ साली लागुना प्रांतात, लुम्बान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना एका मजुराला तो सापडला. लिपी जुनी कावी, भाषा जुनी मलय, पण संस्कृत शब्द जागोजाग. सून माहिती वाचून मराठीत सांगत होती. आरंभी 'स्वस्ति', मग तारीख. शके ८२२, वैशाख, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार.

मी तिला थांबवलं. अगं, ही तर आपली संकष्टी! इसवी सन ९०० मधली. समुद्रापलीकडे, आपल्या पंचांगाचा शक त्या पत्र्यावर!

आणि मजकूर काय, तर कर्ज फिटल्याचा दाखला. नामवरन नावाच्या गृहस्थांवर सोन्याचं ऋण होतं, आजच्या मापानं सुमारे ९२६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ८० तोळे. ते माफ झालं. हा दाखला त्यांची मुलगी अंगकातन आणि तिचा नातलग बुका यांना दिला. शेवटी म्हटलंय, पुढे कधी कोणी म्हणालं की ऋण फिटलं नाही, तर... आणि मजकूर तिथेच तुटतो. वाक्य अर्धवट.

मला तिथल्या बाकावर बसावं लागलं. सुनेला वाटलं, पाय दुखताहेत.

आमच्या अण्णांनी १९६२ साली थोरल्या ताईच्या लग्नासाठी कर्ज काढलं होतं. चार वर्षांत फेडलं. कागद मात्र परत मागितला नाही, माणसावर विश्वास. सावकार वारला आणि त्याचा मुलगा तोच कागद घेऊन दारात उभा राहिला. अण्णांनी तेच कर्ज दुसऱ्यांदा फेडलं. त्यासाठी धाकट्या भावाला आठवीतून काढून शेतावर लावलं. माझं कॉलेज मात्र चालू राहिलं. मी बी. ए. झाले, शिक्षिका झाले, आज पेन्शन घेते.

याच भावाला २००९ साली मी विहिरीसाठी चाळीस हजार दिले होते. ते आले नाहीत. मी मागितले नाहीत, पण बोलण्यातून टोचत राहिले. तो हळूहळू भाऊबीजेला यायचा बंद झाला. त्यानं लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या कपाटात होती. अण्णांचा अनुभव, म्हणून मी कागद नीट जपला होता!

पुढच्या रविवारी मुलानं मुद्दाम लुम्बानला नेलं. अननसाच्या पानांच्या तंतूंचं तलम कापड आणि त्यावरचं भरतकाम, यासाठी हे गाव प्रसिद्ध. एक बाई चौकटीवर कापड ताणून भरत होत्या. मी शिक्षिका होते, असं मुलानं सांगताच त्या म्हणाल्या, "आह, गुरो!" आपलाच गुरू तो. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'दुखा' म्हणजे गरीब, हेही तिथेच कळलं. मी मुलाला विचारलं, कर्जाला काय म्हणतात? 'उतांग'. आणि 'उतांग ना लोओब' म्हणजे आतलं, मनातलं ऋण. कुणी आपल्यासाठी काही केलं की ते राहतं, पैशानं फिटत नाही.

परतीच्या वाटेवर मी फारसं बोलले नाही. चाळीस हजारांचा हिशेब इतकी वर्षं चोख ठेवला. आठवीतून उठवलेल्या मुलाचा हिशेब कुठल्याच चिठ्ठीवर नव्हता. देणेकरी कोण होतं?

घरी आल्यावर त्याची चिठ्ठी पाकिटात घातली. सोबत दुसरा कागद लिहिला, वर तिथी, खाली सही. 'तुझ्याकडून काही येणं नाही. पुढे माझ्या मुलानंही म्हणू नये. तुझं माझ्याकडे आहे ते कसं फेडू, तूच सांग.' वाक्य पूर्ण केलं, अर्धवट ठेवलं नाही.

पत्र टाकून आठ दिवस झाले. अजून फोन नाही. भाऊबीजेला अवकाश आहे. असो.