घोड्यावरचं बिऱ्हाड

पन्हाळ्यावर मुलांना घोड्यावर बसवून फोटो काढला की त्यांना घोडा कळला, असं आपण समजतो. घोड्यांसह मुक्काम करणारी माणसं बघायची तर दिवाळीनंतर हातकणंगले, पट्टणकोडोलीच्या बाजूला जावं. कापणी झालेल्या शेतात मेंढपाळ धनगरांचा वाडा उतरलेला दिसतो. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. एक पाल, तीन दगडांची चूल आणि मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण.

"अम्मी, घोडा असून हे पायी का चालतात?" आमच्या धाकट्यानं विचारलं. कारण घोड्याच्या पाठीवर सगळं घर असतं. भांडी, धान्य, अंथरुणं, वर नुकती जन्मलेली कोकरं, कधी लहान लेकरूसुद्धा! ते लादणं-उतरवणं बहुतेक बायकाच करतात. तट्टं बुटकी पण काटक. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं तर एकेकाळी मराठा घोडदळात होती.

पावसाळ्यात चिखलानं मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून हे लोक पूर्वेच्या कोरड्या माळांकडे जातात, पाऊस सरला की परततात. रात्री मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळतं. शेतकरी बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पण बारमाही उसानं मोकळं रान कमी झालंय, आणि रोज नव्या शेतावर मुक्काम म्हटल्यावर मुलांची शाळा कुठली?

गेलात तर गाडी लांब लावा. कुत्री राखणीची असतात, हाक मारूनच पुढे जा. विचारल्याशिवाय फोटो नको.