मामांची मोटार आणि लातूरचा रस्ता

नांदेडहून लातूरला जायला माणसाला सोयी पुष्कळ आहेत. एस. टी. आहे, परभणीवरून वळसा घेणारी आगगाडी आहे, आणि राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाल्यापासून तर भाड्याच्या मोटारीत एक डुलकी काढेपर्यंत लातूर येते. या सगळ्या सोडून, साठी उलटलेल्या, दोनच माणसे मावणाऱ्या आणि बाहेरून दाराला मूठही नसलेल्या मोटारीतून मी गेल्या मार्गशीर्षात हा प्रवास केला. कारण ती मोटार मामांची होती आणि मामा शेजारी बसले होते.

मोटार १९५७ सालची एमजीए. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात जन्मलेली. मामांनी ती १९७२ साली हैदराबादेत जुनीच विकत घेतली आणि नांदेडात आणली. एका नव्या डॉक्टराने रुग्णालयाची गादी घ्यायची सोडून लाल मोटार घेतली म्हणून आमची आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. आता मामा चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांनी दगा दिला. लातूरला त्यांची नात अभियांत्रिकी शिकवते. मोटार तिला द्यायची ठरली. मी चालवायची आणि मामांनी शेवटचे एकदा शेजारी बसायचे.

पहाटे वजिराबादेतून निघालो. सचखंड गुरुद्वाराचा सोनेरी कळस धुक्यातून नुकता दिसू लागला होता. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे महाराजा रणजितसिंगांनी बांधलेली ही वास्तू. मामांनी त्या दिशेला हात जोडले आणि लगेच विचारले, "काटा कुठं आहे?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. काटा म्हणजे वेगाचा नव्हे, इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा. नव्या मोटारींत त्याच्या जागी नुसता लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत बहुधा व्हायचे ते होऊन गेलेले असते. एमजीएत मात्र इंजिनातून एक बारीक नळी थेट समोरच्या तबकडीपर्यंत येते. तबकडीच्या आत एक वाकडी, चपटी पितळी नळी. तेल तिच्यात जोराने शिरले की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली ही युक्ती काढली.

"ऐंशी," मी म्हणालो.

"थंड तेल आहे. घट्ट. म्हणून ऐंशी. हुरळून जाऊ नकोस."

गोदावरी ओलांडली, विष्णुपुरी मागे पडली, आणि मामांचा वर्ग सुरू झाला. वाचकहो, घरच्या नळाला रबरी नळी लावून बाग शिंपताना तोंडावर अंगठा धरून पाहा. पाणी कमी येते, पण जोर वाढतो. दाब म्हणजे किती तेल वाहते याचा हिशेब नव्हे. वाहायला अडथळा किती आहे याचा हिशेब. पंप तेल ढकलतो, आणि ते क्रँकचा दांडा व बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून बाहेर पडू पाहते. या तेलाच्या पातळ पदरावरच दांडा तरंगत फिरतो. लोखंड लोखंडाला लागतच नाही. बेअरिंग झिजले की फट वाढते, तेल सहज निसटते आणि काटा उतरतो. तेल तापून पातळ झाले तरीही उतरतो. तेव्हा नुसता आकडा सांगून भागत नाही. गार की गरम, उभी की पळती, हेही सांगावे लागते.

"ब्लड प्रेशरसारखंच," मामा म्हणाले. "रोगी जिना चढून आला की बसून, हे विचारल्याशिवाय मी कधी आकडा लिहिला नाही."

त्यांचे कोष्टक सोपे होते. इंजिन तापल्यावर गाडी जागेवर उभी असताना दहा ते पंचवीस पौंड पुरेत. रस्त्यावर चाळीस मैलांच्या वेगाला पन्नासच्या आसपास हवेत. इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड, हा जुन्या मिस्त्र्यांचा ठोकताळा.

सोनखेड गेले, लोहा गेले. काळ्या रानात तूर कमरेच्या वर गेलेली, मधूनच कापसाचे पांढरे ठिपके. गोदाकाठ सोडून रस्ता बालाघाटाच्या पठाराकडे हळूहळू चढत होता. आणि माळेगाव आले. खंडोबाची यात्रा भरलेली! घोडे, गाढवे, उंट, बैल, तमाशाचे तंबू आणि या सगळ्यांतून वाट काढणारी आमची लाल मोटार. एका घोडेवाल्याने तर "हिची किंमत काय?" म्हणून विचारलेच. त्या गर्दीत अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकलो. काटा बारावर आला. मी घाबरलो. मामा शांत. "तापलीय, आणि उभी आहे. बारा ठीक आहे. रस्ता मोकळा झाला की सांग."

रस्ता मोकळा झाला. मी वेग वाढवला. तीस मैल, चाळीस मैल. काटा बारावरून वीसवर आला आणि तिथेच बसला.

"काटा कुठं आहे?"

आता कबूल करतो, मी खोटे बोललो. वाटले, म्हाताऱ्याचा हा शेवटचा प्रवास. कशाला विरजण घाला? हळूहळू नेऊ. "पन्नास," मी म्हणालो.

मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर. पन्नास सांगायला माणसाला विचार करावा लागत नाही."

लिंबाच्या झाडाखाली थांबलो. मामा रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. पन्नास वर्षे रोग्यांची खोटी उत्तरे ऐकलेला माणूस तो. एवढेच म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हणून तू दांडा जाळायला निघाला होतास."

तेलाची पट्टी ओढून पाहिली, पातळी बरोबर. तेलाला पेट्रोलचा वास नाही. फोन करून लोह्याहून एक वयस्क मिस्त्री आणवला. त्याने बॉनेट उघडले आणि हसूच लागला. "डॉक्टरसाब, ये तो अपनी अँबॅसेडरच है. ऊपर का कपडा बदलेला है!"

आणि ते खरे होते. २०१४ साली बनायची बंद झालेली आपली अँबॅसेडर वर्षानुवर्षे ज्या १४८९ सीसीच्या इंजिनावर धावली, त्याच घराण्याचे हे इंजिन. फक्त कार्बोरेटर दोन. मिस्त्रीने ब्लॉकच्या मागल्या अंगाचा घुमटासारखा नट खोलला. आत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाशी झडप. दाब फाजील झाला की उघडायचे आणि जादा तेल परत सोडायचे, हे तिचे काम. ती अर्धवट उघडीच अडकली होती. बैठकीवर गव्हाच्या कोंड्याएवढा धातूचा कण! आठवड्यापूर्वी प्रवासासाठी म्हणून मीच तेल बदलले होते; त्या धामधुमीत शिरला असावा.

पुसून, धुऊन झडप बसवताना मिस्त्री म्हणाला, "स्प्रिंगच्या खाली एक वायसर टाकू का? काटा आणखी वर जाईल."

"नको," मामा म्हणाले. "काटा वर गेल्यानं इंजिन बरं होत नाही. मला तो खरा हवा."

अहमदपूर, चाकूर मागे टाकत दुपार कलता लातूर गाठले. याच लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. तोट्या कोरड्या पडेपर्यंत जमिनीखालची पातळी कुणी किती पाहिली होती, असा विचार मनात आला. काटा इथेही होताच की!

गंजगोलाईला मामांनी मुद्दाम एक फेरी मारायला लावली. १९१७ सालची ती गोल बाजारपेठ, सोळा दिशांनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. नात एका रस्त्याच्या तोंडाशी उभी होती. मी गाडी थांबवली. इंजिन चालूच होते.

"काटा?" मामांनी विचारले.

"अठरा. तापलेली आहे, उभी आहे."

ते समाधानाने हसले. मग चाचपडत नातीचा हात धरून तिला माझ्या जागेवर बसवले, आणि मी उतरून फुटपाथवर उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा, त्या बाजाराच्या गलक्यातही, त्यांचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. उत्तर मात्र ऐकू आले नाही. पण ते द्यायला तिला वेळ लागला नाही, एवढे मी पाहिले.